छोटं पिस्तूल का अडकतं, आणि त्यात गोळी कुठली घालायची

जून २०२२ मधे अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा ब्रूएन निकाल आला आणि न्यू जर्सीत आधी साध्या माणसाला जवळजवळ न मिळणारं कॅरी परमिट, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगून बाहेर फिरायचा परवाना, मिळायला लागलं, तेव्हापासून एडिसन-इझलिन भागातल्या आपल्या मराठी ओळखीपाळखीतही पिस्तुलाचा विषय निघायला लागलाय. कुणी मोटेल चालवतं, कुणी रात्री उशिरा एकट्याने दुकान बंद करतं, कुणाच्या शेजारी घरफोडी झालेली असते. बहुतेक जण एकच करतात, दुकानात जातात, खिशात मावेल असं सगळ्यात लहान पिस्तूल घेतात, परमिटची नेमबाजीची चाचणी तेवढी देतात, एक बॉक्स म्हणजे ५० गोळ्या उडवून बघतात आणि मग ते पिस्तूल कमरेला किंवा तिजोरीत. "चाललं की, एकदाही अडकलं नाही."

मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे, मशीन कुठे आणि का बंद पडतं हे शोधण्यातच माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते. पिस्तूल घ्यावं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, त्यात मी पडत नाही. पण घेतलंच असेल तर ते चालेल की नाही हे नशिबावर सोडायची गोष्ट नाही. आणि लहान पिस्तूल म्हणजे मोठ्या पिस्तुलाची छोटी कॉपी नाही, लहान केल्यावर आतलं गणितच बदलतं.

आधी आत काय होतं ते बघू. पूर्ण काडतुसात चार वस्तू असतात, पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर म्हणजे टोला बसला की पेटणारी छोटी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो, मीही म्हणणार आहे. ट्रिगर ओढला की प्रायमरवर टोला बसतो, दारू पेटते, गोळी नळीतून पुढे निघते आणि तेवढाच धक्का मागच्या बाजूला बसतो. त्या धक्क्याने वरचा लोखंडी भाग म्हणजे स्लाइड मागे जाते. जाताना एक छोटा आकडा रिकाम्या पुंगळीला कडेला धरून ओढून काढतो, ती मागे एका खुंटीवर आपटून बाहेर उडते, स्लाइड शेवटपर्यंत जाते, स्प्रिंग तिला परत पुढे ढकलते, आणि पुढे येता येता ती मॅगझीनमधलं (मुठीत बसणारी काडतुसांची डबी) सगळ्यात वरचं काडतूस ढकलून एका छोट्या चढावरून चेंबरमधे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या जागेत, बसवते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. ९ एमएमच्या बहुतेक पिस्तुलांत यात अजून एक पायरी आहे, नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकांत अडकलेल्या असतात, काही मिलिमीटर जोडीने मागे जातात आणि मग नळी मागच्या बाजूने खाली झुकून स्लाइडला मोकळं करते. ही कल्पना जॉन ब्राउनिंगची, शंभर वर्षांहून जुनी, आणि आजची बहुतेक पिस्तुलं अजून त्यावरच चालतात.

आता हेच लहान करा. ग्लॉक १९ ची नळी साधारण १०.२ सेंटीमीटर, सिग पी३६५ ची ७.९, रुगर एलसीपीची जेमतेम ७. काडतूस मात्र लहान होत नाही ना! ९ एमएमचं काडतूस जवळपास ३ सेंटीमीटर लांब, आणि स्लाइडला एवढं मागे जावंच लागतं की हे पूर्ण काडतूस तिच्यासमोर वर येऊ शकेल. मोठ्या पिस्तुलात स्लाइड त्याच्याही पुढे बरीच मागे जाते, म्हणजे जरा कमी जोर मिळाला, थोडी घाण साचली, तेल वाळलं तरी चालून जातं. लहान पिस्तुलात ती जास्तीची जागाच नाही. शिवाय स्लाइड हलकी, त्यामुळे ती जोरात मागे जाते, तिला आवरायला कडक स्प्रिंग लागते, त्या कडक स्प्रिंगने ती तितक्याच जोरात पुढे येते, आणि मॅगझीनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर उचलायला जो वेळ मिळायला हवा तो आणखी कमी होतो. म्हणजे वेळ कमी, अंतर कमी, जोर जास्त. माझ्या मते लहान पिस्तुलाच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ या एका वाक्यात आहे. त्याच कारणाने त्याच्या स्प्रिंगा लवकर दमतात, मोठ्या पिस्तुलात जी स्प्रिंग ५००० गोळ्या काढते ती लहानात त्याच्या निम्म्यातच बदलावी लागू शकते, मॅन्युअलमधे आकडा असतो, तो बघा.

आणि यात तुमचा हातही मशीनचा भाग आहे, हे लोकांना सांगितलं तरी पटत नाही. स्लाइड मागे जाते ती कशाच्या तुलनेत? खालच्या फ्रेमच्या तुलनेत. फ्रेम धरून ठेवतो तुमचा हात. मनगट ढिलं असेल तर फ्रेमही स्लाइडबरोबर मागे जाते, जो जोर स्प्रिंग दाबण्यात जायला हवा तो हात हलवण्यात जातो, स्लाइड अर्ध्यातून परत येते आणि पुंगळी बाहेर उडायच्या फटीतच उभी अडकते. जड पिस्तुलाचं स्वतःचंच वजन थोडं सांभाळून घेतं, पण एलसीपीसारखं पाव किलोच्या आसपासचं पिस्तूल काही सांभाळून घेत नाही. त्यात त्याचा धक्का जास्त बसतो, पकडायला दोनच बोटांची जागा, म्हणजे ज्याला घट्ट धरायची सगळ्यात जास्त गरज तेच धरायला सगळ्यात अवघड. आपल्याकडे बरेचदा नवरा दुकानात जातो आणि बायकोसाठी "हलकं आहे, हिला बरं पडेल" म्हणून सगळ्यात छोटं घेऊन येतो. हे उलटं आहे हो. जिला किंवा ज्याला सवय नाही त्याला थोडं मोठं, थोडं जड पिस्तूल जास्त सोपं जातं, स्लाइड ओढायलाही आणि उडवायलाही. ज्याच्या हातात ते राहणार आहे त्यानेच रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जाऊन दोन-तीन भाड्याची पिस्तुलं उडवून बघावीत आणि मग ठरवावं.

मॅगझीनकडे तर कुणी बघतही नाही. पत्र्याची एक डबी, आत स्प्रिंग, वर दोन ओठ जे काडतुसाला ठराविक कोनात धरून ठेवतात. सिमेंटवर एकदा पडून ते ओठ किंचित वाकले की कोन बदलला, आणि मग चांगलं पिस्तूल उगाच बदनाम होतं. माझ्या प्रत्येक मॅगझीनच्या बुडावर मी मार्करने नंबर टाकलाय. एकदा रेंजवर एकामागून एक तीन वेळा अडकलं, मी पिस्तुलालाच दोष देत होतो, मग लक्षात आलं की तिन्ही वेळा २ नंबरचंच मॅगझीन होतं. ते सरावाच्या पिशवीत गेलं, पिस्तुलाचं काही बिघडलंच नव्हतं.

आता इथे भारतातली एक गोष्ट मधे आणतो कारण काडतुसाच्या आकाराने काय होतं हे त्यातून सगळ्यात छान समजतं. आपल्याकडे ९ एमएम सैन्य-पोलिसांचं, म्हणून ते प्रोहिबिटेड बोअर, सामान्य लायसन्सवाल्याला ते मिळत नाही, त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा येतं .३२ (गोळीची जाडी, इंचात). माझ्या मामांकडे कित्येक वर्षं .३२ चं पिस्तूल आहे, गावाबाहेर मळ्यात राहतात. त्यात पहिला घोळ असा की ".३२" नावाची दोन वेगळी काडतुसं आहेत, कानपूरच्या रिव्हॉल्व्हरमधे जातं ते लांब, बुडाशी रुंद कड असलेलं, आणि पिस्तुलातलं ते छोटं, ज्याला ७.६५ पण म्हणतात. एकाचं दुसऱ्यात चालत नाही, नाव मात्र एकच, तेव्हा दुकानात नुसतं बत्तीस म्हणून मागू नका, पिस्तुलाचं की रिव्हॉल्व्हरचं ते सांगा.

हे पिस्तुलातलं .३२ सुद्धा ब्राउनिंगचंच, १८९९ सालचं, आणि त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. ९ एमएममधे तसं नाही, तिथे कड अंगाच्या बरोबरीत. मॅगझीनमधे .३२ ची काडतुसं भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असायला हवी, म्हणजे वरचं सरळ पुढे सरकतं. पण काडतूस लांबीला कमी असेल तर मॅगझीनमधे पुढेमागे हलायला जागा मिळते, धक्क्यात वरचं मागे सरकतं, त्याची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन बसते, आणि मग दोघं एकमेकांना सोडत नाहीत. याला रिमलॉक म्हणतात. स्लाइड कितीही ओढा, सुटत नाही, मॅगझीन काढून काडतुसं बाहेर घ्यावी लागतात. आणि लांबीला कमी कुठली? तर बहुतेक हॉलो पॉइंट म्हणजे नाकात खड्डा असलेल्या गोळ्यांची काडतुसं, कारण तिथे पुढचा गोलवा कापल्यासारखा असतो. गोल नाकाची, वरून पूर्ण तांब्याचं कवच असलेली साधी गोळी मात्र पूर्ण लांबीची, ती बरोबर बसते. म्हणजे "जास्त चांगली" म्हणून महागाची गोळी आणली आणि तिनेच पिस्तूल बंद पाडलं असं खरंच होऊ शकतं. मामांना मी हेच सांगितलं, तुमची गोल नाकाचीच बरी, ती सोडू नका.

आता गोळी निवडायचा मुख्य प्रश्न. इथे ११ एप्रिल १९८६ ही तारीख येतेच. मायामीत एफबीआयच्या ८ एजंटांचा दोन बँक दरोडेखोरांशी गोळीबार झाला, दोन एजंट गेले. त्यातल्या एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ एमएमची हॉलो पॉइंट लागली होती, दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली, पण हृदयाच्या थोडं अलीकडे थांबली, आणि तो माणूस त्यानंतरही लढत राहिला. एफबीआयने यातून धडा घेतला तो असा की गोळी पुरेशी खोल गेली पाहिजे, बाकी सगळं नंतर. मग त्यांनी चाचणीची पद्धत बसवली, १० टक्के जिलेटिनचा थंड ठोकळा, त्याच्यापुढे कधी जाड कपडे, कधी प्लायवूड, कधी गाडीची काच, आणि गोळी १२ ते १८ इंच म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटीमीटर जायला हवी. तुम्ही म्हणाल माणूस एवढा जाड कुठे असतो, पण गोळी नेहमी समोरून सरळ लागत नाही, आधी हात मधे येतो, तिरकी लागते, मायामीत तेच झालं. जिलेटिन म्हणजे माणूस नव्हे, पण सगळ्या गोळ्या एकाच मापाने मोजता येतात, ही त्याची किंमत.

हॉलो पॉइंट म्हणजे गोळीच्या नाकात खड्डा असतो, आत ओलसर काही शिरलं की दाबाने ती फुलासारखी उघडते, रुंद होते आणि लवकर थांबते. युद्धात अशा फुलणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात बंदी आली, दमदम गोळी हे नाव कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरूनच पडलं. मग पोलीस आणि सामान्य माणूस त्या का वापरतात? कारण साधी कवचाची ९ एमएम जिलेटिनमधे ६० सेंटीमीटरच्या आसपास जाऊ शकते, म्हणजे समोरच्यातून निघून मागच्या कुणाला लागू शकते. इथली घरं बघा, आतल्या भिंती अर्ध्या इंची जिप्सम बोर्डाच्या, टाउनहाउसमधे पलीकडे शेजाऱ्याचं मूल झोपलेलं. ती भिंत कुठलीच पिस्तुलाची गोळी थांबवत नाही, हॉलो पॉइंटसुद्धा, चुकली तर आरपारच. तेव्हा "हॉलो पॉइंट आहे, शेजारी सेफ आहे" असं अजिबात समजू नका, मागे काय आहे ते बघूनच. फक्त जी लागली ती आत थांबायची शक्यता वाढते, एवढंच.

आणि इथे लहान नळी परत आडवी येते. उघडायला गोळीला वेग लागतो. ९ एमएममधे नळी एक इंच कमी झाली की वेग साधारण २५ ते ५० फूट प्रति सेकंद कमी होतो, कुठल्या गोळीत जास्त कुठल्यात कमी. जी गोळी ४ इंची नळीतून छान उघडते ती ३ इंचीतून निघाल्यावर जाड जीन्समधून जाताना खड्ड्यात कापड भरून बंद होऊ शकते, आणि मग ती साध्या गोळीसारखीच सरळ जाते. म्हणून कंपन्यांनी लहान नळीसाठी वेगळ्या गोळ्या काढल्या, स्पीअर गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल, फेडरल मायक्रो एचएसटी, किंवा हॉर्नडी क्रिटिकल डिफेन्स जिच्या खड्ड्यात मऊ पॉलिमरचं बूच असतं म्हणजे कापड भरतच नाही. ९ एमएममधे हे जमतं कारण जोर पुरेसा आहे. १२४ ग्रेनची म्हणजे ८ ग्रॅमची गोळी ३५० मीटर प्रति सेकंदाने गेली तर ४९० जूल होतात. .३८० ची (एलसीपीसारख्या पिस्तुलातलं, ९ एमएमपेक्षा आखूड काडतूस) ९५ ग्रेनची गोळी २९० ने गेली तर २६० च्या आसपास, आणि .३२ ची ७१ ग्रेनची २७५ ने गेली तर १७५. ग्रेन हे गोळीचं वजन हां, दारूचं नाही, हा गैरसमज खूप आहे. एवढ्याशा जोरात .३२ आणि .३८० ला एकच काम नीट जमतं, एकतर उघडणं नाहीतर खोल जाणं. उघडली तर बरेचदा १२ इंचांच्या आतच थांबते. त्यामुळे .३२ मधे मी सरळ गोल नाकाची म्हणेन, .३८० मधे जिलेटिनचे आकडे बघून फार थोड्या हॉलो पॉइंट, आणि ९ एमएममधे चांगल्या कंपनीची कुठलीही जी तुमच्या पिस्तुलात अडकत नाही.

न्यू जर्सीवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. इथे हॉलो पॉइंट घरात ठेवता येते, विकत घेऊन घरी आणता येते, रेंजवर नेता येते, पण कॅरी परमिट असलं तरी कमरेला लावून बाहेर हिंडताना चालत नाही असा कायदा आहे. पॉलिमरचं बूच असलेली गोळी राज्य पोलीस हॉलो पॉइंट धरत नाहीत, म्हणून इथे क्रिटिकल डिफेन्स एवढी खपते. मॅगझीन १० गोळ्यांपर्यंतच. पेनसिल्व्हेनियात दुसरे नियम, न्यू यॉर्कमधे तिसरे, आणि हे कायदे कोर्टात सारखे हलत असतात, म्हणून घ्यायच्या आधी त्या दिवशीचा नियम राज्य पोलिसांच्या साइटवर वाचा, मित्राने सांगितलं म्हणून नको.

बॉक्सवर +पी दिसलं तर तो जास्त दाबाचा माल. ९ एमएमची नेहमीची मर्यादा ३५,००० पीएसआय (दाबाचं माप, दर चौरस इंचाला पौंड), +पीची ३८,५००. लहान पिस्तुलात याने स्लाइड अजून जोरात पळते, म्हणजे वर सांगितलेला वेळेचा तुटवडा आणखी वाढतो, धक्का वाढतो, दुसरी गोळी नेमावर यायला उशीर होतो. मॅन्युअलमधे परवानगी असली तरी मी लहान पिस्तुलात साधीच वापरतो.

आता त्या "५० उडवल्या, अडकलं नाही"कडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं होतं. आकडेशास्त्रात एक सोपा नियम आहे, ज्याला तीनचा नियम म्हणतात. एखादी गोष्ट तुम्ही क्ष वेळा केली आणि एकदाही बिघडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की बिघडायचं प्रमाण ३ भागिले क्ष पेक्षा जास्त नसेल. ५० गोळ्या बिनचूक म्हणजे ३ भागिले ५०, ६ टक्के, म्हणजे १७ गोळ्यांत एक अडकणारं पिस्तूलसुद्धा तुमच्या चाचणीत पास झालेलं असू शकतं! २०० बिनचूक म्हणजे दीड टक्का. ५०० बिनचूक म्हणजे ०.६. कारखान्यात एवढ्या कमी सॅम्पलवर मी कुठलाच पार्ट पास केला नसता, आणि इथे तर तुमचा जीव आहे. म्हणून नवीन पिस्तुलातून आधी साध्या स्वस्त २०० गोळ्या तरी उडवा, सगळ्या मॅगझीनमधून, आणि मग जी गोळी रोज जवळ ठेवणार तीच गोळी किमान ५०, जमलं तर १००. हो, ती महाग असते, अंदाजे एकेक गोळी डॉलरची किंवा जास्तच, पण साध्या गोळीने पास झालेलं पिस्तूल हॉलो पॉइंटने पास होईलच असं नाही, नाकाचा आकार वेगळा, चढावर ती वेगळी आपटते. एका हाताने उडवून बघा, डाव्या हाताने बघा, थकल्यावर बघा. मधे अडकलं तर फोनमधे लिहा, कुठलं मॅगझीन, कितवी गोळी, पुंगळी अडकली की काडतूस, की नुसताच टोला बसून गोळी उडालीच नाही. कारण सापडून दुरुस्त झालं की मोजणी परत शून्यापासून. मामांसारख्यांना हे शक्य नाही, लायसन्सवर वर्षाला किती काडतुसं ते लिहिलेलं असतं, पण त्यांनीही दरवर्षी जुनी साठवून ठेवण्यापेक्षा ती उडवून नवीन घ्यावीत, त्यात थोडी तपासणीही होते.

रेंजवर दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या हव्यात. ट्रिगर ओढला आणि नुसतं टक् झालं तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, कधीकधी दारू उशिरा पेटते. आणि आवाज नेहमीसारखा न येता फुस्स असा आला, धक्काच बसला नाही, तर तिथेच थांबा, गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी मारली तर नळी फाटते. अडकलं की मॅगझीनला खालून थापटायचं आणि स्लाइड ओढायची अशी सवय सगळे लावतात, ती चांगलीच आहे, पण फुस्स आवाजानंतर ती अजिबात वापरायची नाही.

शेवटचं, घरी रोज होणारी चूक. लोक रात्री पिस्तूल रिकामं करून तिजोरीत ठेवतात, सकाळी परत भरतात, आणि चेंबरमधे रोज तेच एक काडतूस जातं. दर वेळी ते चढावर नाकाने आपटतं आणि गोळी पुंगळीत किंचित आत सरकते. आत सरकली की दारूला जागा कमी, दाब जास्त, किती जास्त ते सांगता येत नाही. मी महिन्यातून एकदा ते काडतूस नव्याशेजारी सपाट टेबलावर उभं करून बघतो, नखाच्या जाडीएवढा जरी फरक दिसला तरी ते परत चेंबरमधे जात नाही, रेंजवाल्यांकडे खराब काडतुसांचा डबा असतो त्यात टाकून येतो. बाकी भरलेलं पिस्तूल होल्स्टरसकटच (कमरेला लावायच्या म्यानासकट) काढून तिजोरीत ठेवलं तर हे रोजचं भरणं-रिकामं करणं टळतं, तिजोरी मात्र मुलांना न उघडणारीच हवी आणि तिचा नंबर घरातल्या मोठ्यांशिवाय कुणाला माहीत नको.